वजा शंभरचा वशिला

प्रति,
मा. गाळणीसाहेब,
मेल सर्व्हरवरील स्पॅम फिल्टर,
मुक्काम जिन्याखालची खोली, कॉलेजची जुनी इमारत,
घाटावर, जिल्हा बुलढाणा.

विषय : आपल्या कर्तव्यदक्षतेबद्दल आभार मानणेबाबत.
संदर्भ : आपलेच लॉग.

महोदय,

हे पत्र चारचौघांत लिहितोय, राग नसावा. मेलने पाठवलं असतं तर ते आधी आपल्याच हाती पडलं असतं, आणि विषयात ‘आभार’ दिसल्यावर आपण त्याचं काय केलं असतं हे आपल्यालाही ठाऊक आहे आणि मलाही.

ओळख देतो. आपल्याला कामावर ठेवणारा मीच. माझी नेमणूक कनिष्ठ लिपिकाची. पण आमच्याकडे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ज्याला न फाडता काढता येतो, त्याच्याकडे हळूहळू सर्व्हरही येतो. आपण रुजू झालात त्या आठवड्यात परदेशी लॉटऱ्या, मेलेल्या राजदूतांच्या विधवा आणि केस उगवणारी तेलं टपालातून एकदम नाहीशी झाली. प्राचार्यांनी माझी पाठ थोपटली. तेव्हापासून मी आपल्या कारभाराकडे पुन्हा पाहिलं नाही. चूक झाली ती तिथेच.

आपला कारभार मला बाजार समितीसारखा वाटायचा, म्हणून त्यावर विश्वासही होता. हमीभावाच्या काट्यावर सोयाबीन नेलं की मॉइश्चरचं मशीन लावतात. नियम 12 टक्क्यांचा. बारा-दोन लागलं की गाडी परत. शेतकरी म्हणतो, दाणा पाहा, रंग पाहा, दाताखाली धरून पाहा. ग्रेडर म्हणतो, मशीन पाहा. 2024 च्या नोव्हेंबरात केंद्राने तीच मर्यादा त्या हंगामापुरती 15 केली, आणि कालपर्यंत ओला असलेला माल कागदावर एका रात्रीत वाळला. आपलंही तसंच. आपल्या घराण्यात, म्हणजे स्पॅमअसॅसिनमध्ये, काटा 5 वर लावलेला असतो. शेकडो नियम, प्रत्येकाचे अपूर्णांकातले गुण, बेरीज पाच झाली की माल जंकमध्ये. तो पाच आकडा वेदात लिहिलेला नाही, तो मला हलवता येत होता, आणि पहिल्या दिवसापासून मी त्याला हात लावला नव्हता.

आपल्या घराण्यातला एक किस्सा वाचला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. 1 जानेवारी 2010 ला जगभरच्या आपल्या भाऊबंदांनी नव्या वर्षाच्या शुभेच्छा संशयित ठरवल्या. तारखेत 2010 किंवा पुढचं साल दिसलं की ‘ही तारीख भलतीच पुढची’ म्हणून गुण लावायचे, असा नियम कोणीतरी आधी लिहून ठेवला होता. ते साल खरोखर उगवणार आहे, हे नियमाला कोणी कळवलं नाही. मी हसलो आणि पुढे गेलो.

मग आली केसांची गोष्ट. आपल्या पोटात एक शिकणारा भाग आहे. थॉमस बेझ नावाचा इंग्रज पाद्री 1761 मध्ये वारला. त्याचा शक्यतांवरचा निबंध त्याच्या मित्राने दोन वर्षांनी उजेडात आणला. 2002 मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने दाखवलं की त्या हिशेबाने स्पॅम ओळखता येतं. कोणता शब्द आजवर किती वेळा वाईट टपालात आला आणि किती वेळा चांगल्या, एवढंच मोजायचं. आमच्या भेंडवळला अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात, गोल रिंगणात अठरा धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कुठे सरकला यावरून पीकपाणी सांगतात. आपणही सरकलेले शब्दच वाचता. फरक एवढाच की भाकीत चुकलं की आपल्याला ते शिकवावं लागतं, नाहीतर चुकीचं शिकलेलंच आपण पाठ धरून बसता. आपल्याला सुरुवातीला दोनशे वाईट आणि दोनशे चांगली पत्रं लागतात. वाईट मी उत्साहाने दिली. त्यातली निम्मी टकलावरची होती. चांगली म्हणून ऑफिसच्या परिपत्रकांचा एक गठ्ठा दिला. परिपत्रकात केसांचा उल्लेख नसतो.

2025 च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस पुंजक्यांनी गळायला लागले. हातात धरून ओढला की केस हातात. पाणी तपासलं गेलं, आयसीएमआरचं पथक आलं, डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. सगळा देश आमच्याबद्दल बोलत होता. आमच्या एनएसएसच्या सरांना घाटाखालच्या एका डॉक्टरांनी सर्वेक्षणाला स्वयंसेवक मागणारं पत्र पाठवलं. विषय इंग्रजी मोठ्या अक्षरांत, ‘हेअर लॉस, अर्जंट’. आपण तत्परतेने निकाल दिलात : केस गळण्याबद्दल बोलणारा माणूस नव्व्याण्णव टक्के लबाड. जगाच्या बाकी कोपऱ्यांत हा निकाल बरोबरच ठरला असता.

आता वशिल्याकडे येतो, कारण आभार खरे त्याचेच मानायचे आहेत.

त्याची सुरुवात झाली ‘नंतर या’पासून. ग्रेलिस्टिंग. 2003 मध्ये इव्हान हॅरिस याने सुचवलेली युक्ती : अनोळखी सर्व्हर पहिल्यांदा दारात आला की त्याला ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’ म्हणायचं. खरा टपालवाला परत येतो. लाखो पत्रं फेकणाऱ्याला परत यायला वेळ नसतो. सरकारी खिडकीवरचा सर्वात जुना रिवाज संगणकशास्त्राने मनापासून स्वीकारल्याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण. आमचे शिपाईकाका म्हणाले, “म्हंजे ज्याले गरज आहे थो परत येते. हे तं तहसीलवाल्याले आंधीपासून ठावं आहे.”

पण ओटीपीला परत यायची सवड नसते. प्राचार्य माझ्या खुर्चीमागे उभे, पोर्टलवर दहा मिनिटांचा काटा फिरतोय, आणि आपण ओटीपीला दारात थांबवून ठेवलेलं. तो आला बाराव्या मिनिटाला. साहेबांनी चष्मा काढला आणि तिथल्या तिथे यादी सांगायला सुरुवात केली : याला अडवायचं नाही, त्याला अडवायचं नाही. संस्थेचे अध्यक्ष, अध्यक्षांचे जावई, टेबलं-खुर्च्या पुरवणारे, विम्याचे एजंट. मी लिहून घेतलं. इंग्रजीत अशा यादीला व्हाइटलिस्ट म्हणायचे. 2022 च्या डिसेंबरात आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून आपल्या घराण्याने तिचं नाव वेलकमलिस्ट केलं. आमच्याकडे त्याला आधीपासून वशिला म्हणतात, आणि तो कोणत्याही आवृत्तीत चालतो. यादीतल्या माणसाला आपण वजा शंभर गुण देता. पाचावर माल नापास होतो तिथे वजा शंभर! एवढा वशिला तर अध्यक्षांच्या जावयालाही प्रत्यक्षात मिळत नाही.

शेवटची ओळ मात्र मी माझ्या डोक्याने घातली. आमच्याच डोमेनचा प्रत्येक पत्ता, सरसकट. घरच्या माणसांची कसली झडती?

पुढच्या शनिवारी दुपारी बडेबाबूंना, म्हणजे आमच्या हेडक्लार्कना, प्राचार्यांच्या नावाने, प्राचार्यांच्याच पत्त्यावरून मेल आलं. मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, पाच गिफ्ट कार्डं विकत घ्या आणि नंबर पाठवा. नंतर मी आपला लॉग उघडला. आपण त्या पत्राची झडती घेतली होती, आणि उत्तम घेतली होती. परदेशातला सर्व्हर, काळ्या यादीतला आयपी, खोटा उत्तराचा पत्ता, सगळं हुडकून आपण 14 गुण लावले होते. खाली एक ओळ : ओळखीचा माणूस, वजा 100. शिल्लक वजा 86. आणि मग आपण ते अदबीने बडेबाबूंच्या टेबलावर नेऊन ठेवलंत.

पैसे वाचले ते बडेबाबूंमुळे. पत्रात ‘कृपया’ होतं. बावीस वर्षांत साहेबांनी त्यांना कृपया म्हटलेलं नाही. ते उठले, केबिनमध्ये डोकावले, साहेब डबा खात होते. बेझच्या पद्धतीचा याहून चोख वापर मी पाहिलेला नाही.

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कोणीही लिहू शकतो. टपाल खात्यात हे पोरंही जाणतात, पण ईमेलचे मूळ नियम 1982 चे, तेव्हा या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखत होते. म्हणून पुढे दोन दाखले आले. एसपीएफ म्हणजे डोमेनमालकाने डीएनएसमध्ये लिहून ठेवलेली ओळ, की माझ्या नावाने टपाल टाकायची परवानगी या सर्व्हरांनाच. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची मोहोर, वाटेत मजकूर बदलला तर तुटणारी. आपल्याकडे वशिल्याचा असाही एक प्रकार आहे की दाखला जुळला तरच वजा शंभर, नुसत्या नावाला नाही. माहितीपुस्तिकेत तो पुढच्याच ओळीत होता. मी आधीच्या ओळीवर थांबलो होतो, कारण चहा आला होता.

त्या रात्री मी सरसकटची ओळ खोडली आणि दाखल्याची घातली. आणि पहिल्यांदा जंकचा फोल्डर वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात सतरा दिवसांपूर्वीचं एक मेल होतं, लोणारकडच्या सुलतानपूरच्या एका मुलीचं. वसतिगृहात प्रवेशाचा अर्ज. आमच्याकडे अर्ज कसा येतो हे आपल्याला कोणी सांगितलं नसणार. मुलगी वहीचं पान फाडते, शाईने अर्ज लिहिते, खाली वडिलांची सही घेते, पान दारातल्या उजेडात धरून भाऊ मोबाइलवर फोटो काढतो आणि तोच नुसता पाठवून देतो. मेलच्या विषयाची जागा रिकामी, मजकुराची जागा रिकामी. तिला वाटतं सगळं पानावर लिहिलंय, आणि ते खरंच असतं. फोटोत पानाच्या कडेला अंगठा आला होता आणि मागे ज्वारीच्या कोठीचा कोपरा.

आपला हिशेब : विषय नाही, 1.8. मजकूर नाही, 2.3. नुसताच फोटो, 1. हा शेवटचा नियम माझा. फोटोतून जाहिराती यायला लागल्या तेव्हा मीच लिहिला होता. बेरीज 5.1. बारा-एकचं सोयाबीन.

मी तिला लगेच उत्तर पाठवलं. दोन दिवस काही नाही. मग लक्षात आलं की दाखला मागणाऱ्या आमच्या कॉलेजकडे स्वतःचा दाखला नाही. आमच्या डोमेनला एसपीएफची ओळच नव्हती. 2024 च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू असं टपाल परत करतात किंवा जंकमध्ये टाकतात, आणि आमची पत्रं महिनोन्‌महिने कुठे जात होती ते तेव्हा उमगलं. दर वर्षी आम्ही पोरांकडून उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, टीसी अशी चळत मागतो, आणि आम्ही स्वतः जगात बिनदाखल्याचे फिरत होतो. ओळ घातली. मग फोन केला. तीनदा वाजला, तीनदा कट झाला. शिपाईकाकांनी स्वतःच्या मोबाइलवर कॉलेजचा नंबर लावून दाखवला : पडदा लाल झाला आणि वर आलं, ‘स्पॅम’. प्रवेशाच्या मोसमात आम्हीच घरोघरी इतके फोन केले होते की लोकांनी आमचंही नाव यादीत टाकलं होतं.

शेवटी चिठ्ठी पाकिटात घालून लोणारच्या एसटीत कंडक्टरकडे दिली. त्यांनी पाठवणाऱ्याची मोहोर मागितली नाही. “सुलतानपूरले कोन येईन घ्याले?” एवढंच विचारलं, आणि पाकीट तिकिटांच्या पेटीखाली दाबलं.

तिसऱ्या दिवशी मुलगी वडिलांबरोबर आली. जागा भरली होती. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव तिचं घातलं, ते कोणाच्याही शब्दावरून नाही. तिने पिशवीतून तेच वहीचं पान काढलं, चार घड्यांचं. मी ते उलगडून आवक नोंदवहीशेजारी ठेवलं. वरच्या बाजूला मधोमध, पट्टीने दोनदा अधोरेखित केलेलं, लाल शाईत लिहिलेलं होतं : विषय.

कळावे,
आपला,
कनिष्ठ लिपिक
(प्रिंटर व सर्व्हर)