षटकार त्यांचा, चेंडू कुणाचा?

अमेरिकेत बेसबॉलपटू शोहेई ओहतानीने २०२४ मध्ये मारलेल्या पन्नासाव्या होमरनचा चेंडू लिलावात सुमारे ४४ लाख डॉलरना गेला. ‘आधी हात आमचा पडला होता’ म्हणत काही जण कोर्टात गेले, ते वेगळंच. हाती आलेला चेंडू ठेवावा की विकावा, हे तिकडच्या प्रेक्षकांचं धर्मसंकट. इंदूरकरांना देवाने यातून सोडवलंय. क्रिकेटमध्ये चेंडू मुकाट्याने परत फेकायचा असतो.

होळकर स्टेडियमवर ८ डिसेंबर २०११ रोजी सेहवागने वेस्ट इंडीजला २१९ धावांचा चोप दिला, त्यात ७ षटकार. २०१७ मध्ये रोहित शर्माने श्रीलंकेविरुद्ध ४३ चेंडूंत ११८ करताना १० हाणले. म्हणजे १७ वेळा लक्ष्मी सीमारेषा ओलांडून आली आणि आपण टाळ्या वाजवत तिची पाठवणी केली! चेंडू नाहीच मिळाला, तर पंच तितकाच झिजलेला दुसरा काढतात. खेळ अडत नाही. अडतो तो हात पुढे करून उभा असलेला पोलीस.

समजा, नियम बदलला. दिवसा सराफ्यातले सोनार चेंडूची शिवण भिंगाखाली धरतील, रात्री तिथेच गराडू तळणारा म्हणेल, “भिया, असे तीन आपल्याकडे पण पडलेत.” रामबागेतले काका मात्र विकणार नाहीत. शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवतील आणि आल्यागेल्याला सी. के. नायडूंपासून सगळं ऐकवतील. दसऱ्याला चेंडूला हळदकुंकूही लागेल. त्यामुळे पुढे नातवाला लिलाववाले भाव पाडून देतील, तो भाग निराळा.