मुखपृष्ठावरचं संत्रं

मराठी लेखकाला पुस्तकाच्या आत हवं ते लिहिता येतं. वर काय असावं हे मात्र प्रकाशक, चित्रकार, विक्रेता आणि छापखान्यातला ऑपरेटर मिळून ठरवतात. लेखकाला विचारत नाहीत असं नाही. व्हॉट्सॲपवर चित्र येतं, खाली ओळ असते, ‘सर, कव्हर फायनल केलंय. कसं वाटतं?’

माझ्या कथा जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातल्या मोसंबीच्या बागांवरच्या. 2012-13च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जगवलेल्या आणि शेवटी कुऱ्हाडीखाली गेलेल्या बागा. पुण्याहून मुखपृष्ठ आलं. त्यावर रसरशीत, भगवं संत्रं!

मी फोन लावला. ‘अहो, हे संत्रं आहे.’

‘लिंबूवर्गीयच ना, सर?’

‘जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. इथलं दुसरीतलं पोरही फरक सांगेल.’

‘पण हिरवं फळ स्टॉलवर उठत नाही. कृषी खात्याची पुस्तिका वाटते.’

मी वाळलेलं झाड सुचवलं. ‘ते सगळ्याच ग्रामीण पुस्तकांवर आहे,’ असं उत्तर आलं, आणि ते खरंच होतं. लेखक मराठवाड्यातला म्हटला की मुखपृष्ठावर भेगाळलेली जमीन ठरलेली, आत अतिवृष्टी का होईना!

चित्रकारांनी कथा वाचल्या होत्या का? ‘त्यांना थीम सांगितलीय.’ वसंत सरवटे एसीसी या सिमेंट कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सांभाळून पुलंच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत. ती पाहिली की कळतं, या माणसाने मजकूर मुरवून घेतलाय. आता एका मुखपृष्ठाला जे मानधन मिळतं, त्यात अख्खा कथासंग्रह वाचायला लावणं ही पिळवणूक ठरेल, हेही मान्य.

इकडे घरची समिती बसली. मेहुण्याला माझा फोटो हवा होता. मामांना जांबसमर्थचं मंदिर. समर्थ रामदास आपल्याच तालुक्यातले ना! बायको म्हणाली, ‘अहो, कण्यावरचं नाव तरी ठळक घ्यायला सांगा. दुकानात पुस्तक उभं लावतात.’ सगळ्यांत शहाणी सूचना हीच. पण शंभर पानांच्या पुस्तकाला कणा तो केवढा! नाव वाचायला भिंग लागतं.

अखेर तडजोड झाली. संत्रं राहिलं, रंग हिरवा केला. आता ते कच्चं संत्रं दिसतं.

पुस्तक बाजारात आलंय. जालनेकरांना हात जोडून विनंती, फळावरून भांडायला मला फोन करू नका. प्रकाशकांचा नंबर दुसऱ्या पानावर छापलाय.