निळ्या अक्षरांचे वैद्यराज

पूर्वी पंचक्रोशीत एखादा तरी हाडवैद्य असे, आणि निखळलेला सांधा घेऊन आलेल्या माणसाला ‘कुठे दुखते?’ असे विचारता विचारताच तो नेमक्या जागी झटका देई. हल्ली त्याची गादी ‘इंजिनिअर’ नामक इसम चालवितो. बारामतीहून इंदापूरच्या रोखाने निघालेल्या तुकोबांच्या पालखीला काटेवाडीच्या अलीकडे जे पिंपळी गाव लागते, तेथला हा इसम पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीची चाकरी घरच्या माडीवर बसून करतो. कानांवर दोन काळ्या वाट्या चढवून आणि मांडीवर संगणक घेऊन तो बसला, म्हणजे समाधिस्थ योग्याचीच आठवण व्हावी. फरक इतकाच, की योग्याला दर तासाला चहा लागत नाही.

गावाचे ऋण फेडावे या उदात्त हेतूने त्याने कालव्याच्या पाळ्या आणि ग्रामसभेच्या सूचना कळविणारे एक अ‍ॅप रचले. पहिल्याच दिवशी फिर्याद दाखल झाली : लिंक निळी दिसते, तिच्याखाली रेघही आहे, परंतु दाबून दाबून अंगठा सुजला तरी उघडत नाही. इंजिनिअरने नाडी पाहून निदान केले, की अँड्रॉइडच्या दफ्तरात अक्षरांना लिंकचा पेहराव चढविणारा कारकून निराळा आणि बोटाच्या स्पर्शाची दखल घेणारा अंमलदार निराळा. या दुसऱ्याचे नाव ‘लिंकमूव्हमेंटमेथड’, आणि त्याच्या नेमणुकीचा हुकूमच निघालेला नव्हता.

हुकुमांची ही यातायात टळावी म्हणून त्याने मजकुरातले पत्ते नि क्रमांक आपणहून हुडकून त्यांच्या लिंका करणाऱ्या ‘ऑटोलिंक’ला पाचारण केले. हा गृहस्थ त्या अंमलदाराला सोबत घेऊनच येतो खरा, पण मोठा करडा! रुजू होताच त्याने ‘येथे दाबा’ अशा हाताने जोडलेल्या जुन्या लिंका एका फटक्यात खारीज केल्या, आणि मग साऱ्या मजकुराची झडती घेऊन कोणा सभासदाच्या बँकखात्याचा क्रमांक दूरध्वनीचा ठरविला. कळस झाला तो ‘बळीराजा जिंदाबाद.भारत माता की जय’ या घोषणेने. पूर्णविरामानंतर जागा सोडण्याचा संस्कार लिहिणाराच्या हातून शाळेतच सांडला होता, आणि ‘.भारत’ हे तर २०१४ पासून इंटरनेटवरील पत्त्यांचे रीतसर शेपूट, तेव्हा ‘जिंदाबाद.भारत’ हे मुक्कामपोस्ट समजून यंत्राने निळे केले, आणि गावातील जिज्ञासू मंडळी ते दाबून तिकडे काय आहे याचा तपास करू लागली. अखेर ‘पूर्णविरामापुढे जागा सोडावी’ असे फर्मान निघाले, आणि जे शुद्धलेखन मास्तरांच्या छडीला साधले नव्हते, ते एका निळ्या रेघेने साधले.

एके दुपारी आजोबा माडीवर आले आणि या साऱ्या व्याधीचे मूळ काय, म्हणून पुसते झाले. इंजिनिअरने एका कानावरची वाटी किंचित सरकवून अत्यंत गांभीर्याने विवेचन केले :

“आजोबा, अक्षर समोर दिसतं, उठून दिसतं, पण कितीबी दाबा, मागं दाद घेणारं कुणीच नसतं.”

“आस्सं,” आजोबा म्हणाले. “म्हंजे तुझ्यावानीच की. तुझी आय खालनं जेवायला तीनदा हाका मारून गेली.”