शनिवारवासी जमातीची श्रमनिष्ठा

सह्याद्रीतील ठाकर समाजाचा अभ्यास थोडाथोडका झालेला नाही, ल. ना. चापेकरांनी 1960 मध्ये त्यावर इंग्रजीत अख्खा ग्रंथ लिहिला. मात्र कर्जत-खालापूरकडच्या ठाकुरवाड्यांच्या खालच्या अंगाला, बंगल्यांच्या कुंपणांआड, शुक्रवारी रात्री अवतरणाऱ्या आणि रविवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गावरच्या कोंडीत लुप्त होणाऱ्या जमातीकडे अजून एकाही संशोधकाने ढुंकून पाहिलेले दिसत नाही. तिला येथे सोयीसाठी ‘शनिवारवासी’ म्हटले आहे. प्रस्तुत लेखक मेव्हण्याच्या बंगल्याच्या आधारे या जमातीत मोडतो, आणि झोपाळ्यावर पडून केलेला विचार हा कामाच्या तासांतच धरावा, या मताचा तो खंदा पुरस्कर्ता आहे.

‘हल्ली कामाला माणसंच मिळत नाहीत’ हे या जमातीचे मूळ वचन होय; ते साधारणतः दुसऱ्या चहाच्या वेळी उच्चारले जाते, आणि तो चहा करणारे माणूस त्या वेळी ट्रे धरून समोरच उभे असते. 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे सुचवले आणि 2025 च्या आरंभी लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचे नव्वद तासांविषयीचे बोलणे गाजले, तेव्हा जमातीत उभी फूट पडून पोहण्याच्या तलावाच्या एका काठाला साहेबलोक आणि दुसऱ्या काठाला त्यांची ‘वर्क-लाइफ बॅलन्स’ मागणारी मुले बसली. या वादात 168 हा आकडा कोणाच्याच तोंडी आला नाही. आठवड्याचे एकूण तास तेवढेच भरतात, आणि केअरटेकर, म्हणजे बंगला राखण्यासाठी वाडीवरून आणून मागच्या खोलीत ठेवलेला गृहस्थ, तेवढे सगळे तास हाकेच्या अंतरावर असतो: पहाटे मोटर लावायची, जाळीने तलावातली पाने काढायची, रात्री दोनला वाट चुकून आलेल्या पाहुण्यांना फाटक उघडायचे. ‘तसं त्याला काम काय असतं?’ हे जमातीचे दुसरे वचन.

येथे थोडे विषयांतर अपरिहार्य आहे, कारण प्रस्तुत लेखकाला रेल्वेची इंजिने आवडतात आणि त्याला अडवणारे जवळपास कोणी नाही. बोरघाटात 37 फुटांमागे एक फूट असा चढ असल्याने अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, ज्यांना बँकर म्हणतात. पण ती जोडली जात असताना प्रवासी बटाटेवड्यात गुंतलेले असल्याने हा प्रकार सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. लोणावळ्याला बँकर सुटतात, आणि गाडी पुण्याला वेळेवर लागली की नाव होते ते पुढच्या इंजिनाचे. याच घाटात ठाकुरवाडी नावाची केबिन आहे आणि तेथे कॅच सायडिंग, म्हणजे उतारावर ताबा सुटलेली गाडी वळवून थोपवण्यासाठी केलेला चढता फाटा आहे. उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक लागतो हे दिसल्याखेरीज तिला पुढे सोडायचे नाही, ही पद्धत बड्या कंपन्यांच्या अध्यक्षांनाही लावून पाहण्यासारखी आहे. वंदे भारत मात्र बँकरविना घाट चढते, कारण तिच्या मोटरी डब्यांखाली वाटलेल्या असतात. प्रत्येक शनिवारवासी स्वतःला वंदे भारत समजतो, यात नवल नाही. मागची इंजिने त्याने वड्यापायी पाहिलेलीच नसतात.

हा घाट बांधताना, 1859 मध्ये, थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला होता. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि बऱ्याच खटपटीनंतर 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ज्या रविवारी शनिवारवासी कामगारांच्या वाढत्या मागण्यांविषयी हळहळतो, तो रविवार असा मागूनच मिळालेला आहे.

‘बंगल्यासाठी जोडपे पाहिजे’ अशी जाहिरात जमातीत सर्रास दिली जाते. तिचा अर्थ असा की माणसे दोन ठेवायची आणि पगार एक द्यायचा. नवऱ्याच्या नावापुढे आकडा असतो. भांडी, झाडलोट, वीस पाहुण्यांच्या भाकऱ्या आणि त्यांच्या चादरींची धुलाई हे सगळे करणारी बायको वहीत कोठेच नसते, आणि तिची एखाद्या शनिवारी पाठ धरली की ‘ही माणसं फार चढेल झालीत’ असे ऐकू येते. नवऱ्याची दळी, म्हणजे डोंगरउतारावर ठाकर-कातकऱ्यांना कसण्यासाठी इंग्रजी अमदानीपासून मिळत आलेली जमीन, 2006 च्या वनहक्क कायद्याने नावावर होऊ शकते. पण त्यासाठी तालुक्याला खेटे घालावे लागतात आणि प्रत्येक खेटा वहीत खाडा म्हणून पडतो. कायद्याने दिलेले मागायला गेल्याबद्दल ज्याचा रोज कापला जातो, त्याला हक्कांची फार जाणीव झाली आहे असे म्हणण्यासाठी काही एक निगरगट्टपणा लागतो, आणि तो झोपाळ्यावर पडल्या पडल्या येतो, हे प्रस्तुत लेखक स्वानुभवाने सांगू शकतो.

बायकोलाही वेगळा पगार द्यावा, असा प्रस्ताव प्रस्तुत लेखकाने मेव्हण्यापुढे मांडला असता तो तत्त्वतः मान्य झाला; आजूबाजूच्या बंगल्यांचे दर बिघडू नयेत म्हणून सर्व मालकांची बैठक घ्यावी असे ठरले, आणि ती जुलैतल्या एका रविवारी बोलावण्यातही आली. परंतु खुर्च्या कोठीत होत्या, कोठीची किल्ली केअरटेकरच्या कमरेला होती, आणि तो बायकोसह वर वाडीला स्वतःच्या भाताच्या लावणीत गुडघाभर चिखलात उभा होता. मालकांनी थोडा वेळ उभ्याने वाट पाहिली, चहाही कोणी विचारेना, तेव्हा त्या दोघांचे खाडे एकमताने मांडून सभा तहकूब करण्यात आली. पगार वहीत नसला तरी बायकोचे नाव त्या निमित्ताने वहीत प्रथमच आले.