घर म्हणावं की सामान?

हल्ली चार भिंतींच्या घराला लोक कंटाळले आहेत, आणि ज्यांना ते कधी परवडणारच नव्हतं ते तर जरा जास्तच कंटाळले आहेत. म्हणून कोणी जुना कंटेनर आणून त्याला खिडक्या पाडतो, कोणी भंगारातल्या बसच्या सीटा उपसून पलंग टाकतो, आणि हे सगळं उभं करायला गावाबाहेर कुणाचे तरी चार गुंठे भाड्याने घेतो. हिशेब सोपा असतो. जमीन मालकाची, घर आपलं, पटलं नाही तर घर उचलायचं आणि चालू पडायचं. पण असं घर कायद्यात बसतं की नाही, हे त्याच्या आकारावर ठरतच नाही. ते ठरतं विचारणारा कोण यावर. जमीनमालक, महापालिका आणि न्यायाधीश एकाच डब्याकडे पाहतात आणि तिघांना तीन वेगळ्या वस्तू दिसतात. भाडेकरूची पंचाईत अशी की, तिघांपुढे त्याला तीन वेगळी उत्तरं सोयीची असतात.

ब्रिटनमधल्या न्यायाधीशांनी या गमतीवर भरपूर डोकं खपवलंय. वेल्समध्ये स्वान्सीजवळ भाड्याच्या जागेवर लाकडी बंगल्या होत्या. त्यांतली एक काँक्रीटच्या खांबांवर नुसती टेकलेली, जमिनीत काही गाडलेलं नाही. मालक कंपनी म्हणाली, ही रहिवाशाची वस्तू आहे, त्याने ती घेऊन जावी. 1997 साली एलिटस्टोन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने वेगळाच मुद्दा काढला: ही बंगली मोडल्याशिवाय हलत नाही, म्हणजे ती सामान नव्हे, जमिनीचाच भाग. म्हणजे ज्या घराला रहिवासी आपलं समजत होता ते कायद्याने जमीनमालकाचं झालं, आणि त्यामुळेच तो भाडेकरू म्हणून संरक्षणाला पात्र ठरून वाचला. घर गमावल्यामुळे घरात राहता आलं, असा हा न्याय. तीन वर्षांनी लंडनमध्ये थेम्सवरच्या भाड्याच्या हाउसबोटीचा निकाल लागला. तिला पाणी, वीज, फोन सगळं जोडलेलं होतं. पण ती बांधलेली दोरांनी, आणि दोर सुटतात. म्हणून ती ठरली वस्तू, आणि राहणाऱ्याला घराच्या भाडेकरूचं संरक्षण मिळालं नाही. तात्पर्य, तिथे ज्याला हलता येत नाही त्याला कायदा जवळ घेतो, आणि ज्याला हलता येतं त्याला वाट दाखवतो.

आता मुंबईत या, म्हणजे तेच तात्पर्य शीर्षासन करताना दिसेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 16 प्रमाणे भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागेत कायमस्वरूपी बांधकाम केलं, तर मालक त्याला बाहेर काढू शकतो. लाकडी पार्टिशन, ओटा, जाळी, एसी यांना, लागेल तिथे पालिकेची परवानगी घेतली असेल तर, त्याच कलमात अभय आहे. म्हणून वेल्सचा भाडेकरू आपलं घर अचल ठरावं म्हणून देव पाण्यात ठेवतो, आणि इथला भाडेकरू शपथेवर सांगतो की साहेब, हे काहीच नाही, दोन स्क्रू काढले की निघतं. सर्वोच्च न्यायालयानेही 1987 च्या एका निकालात पाया न खणता उभारलेली, छताला न भिडणारी सहा फुटी भिंत तात्पुरतीच मानली. मोकळा भूखंड घेतला तर 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्यानुसार जमिनीला जोडलेली आपली वस्तू ताबा असेपर्यंत काढून नेता येते, पण जागा होती तशी करून द्यावी लागते, आणि शेतीच्या कामाखेरीज मालकाच्या संमतीविना पक्कं काही उभारता येत नाही.

इथे चाकवाले हसतात. आमचं घर गाडी आहे, आरटीओने पास केलंय, महापालिकेचा संबंध काय? संबंध जमिनीचा आहे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात ‘विकास’ म्हणजे नुसतं बांधकाम नव्हे, तर जमिनीच्या वापरात केलेला ठळक बदलही त्यात येतो. गाडी उभी करणं वेगळं आणि तिच्याशेजारी तुळस, दोरीवर कपडे आणि मागे सेप्टिक टँक असणं वेगळं. परवानगीशिवाय असा विकास केला तर एक महिना ते तीन वर्षांचा कारावास सांगितला आहे. मालकाची हरकत नाही, हा बचावही लंगडा; शेतजमिनीवर परवानगीशिवाय बिगरशेती वस्ती करायचा हक्क जर मालकालाच नाही, तर तो आपल्याला भाड्याने कुठून देणार? इमारतीच्या व्याख्येतून राष्ट्रीय इमारत संहितेने तंबू-शामियाने वगळलेत खरे, पण तेही परवानगी घेऊन, तात्पुरत्या आणि समारंभाच्या प्रसंगी उभारलेले. रोज सकाळी दात घासणं हा समारंभ आहे, असं पटवून देणारा वकील अजून जन्मायचा आहे.

शेवटचा आक्षेप मात्र वजनदार आहे. टॉवरांचे मजले डोळ्यांदेखत वाढतात, मग नियमांची ही छडी या लहानशा डब्यावरच का? प्रश्न रास्त आहे. पण उपाय म्हणून नियमच नकोत असं म्हणणाऱ्याने उसाच्या फडाजवळच्या कोप्या पाहाव्यात. ऊसतोड कामगार दरवर्षी गळीत हंगामभर चटई, बांबू आणि प्लॅस्टिकच्या आडोशाला परक्या जमिनीवर संसार मांडतात. त्यांना बांधकाम परवानगी कोणी विचारत नाही, कारण त्याला घर म्हणायला कोणी तयार नाही. आणि घर म्हटलं नाही की नळ, संडास, दिवा यांची जबाबदारीही कोणावर येत नाही. नियमाबाहेरचं स्वातंत्र्य हौसेने घेणाऱ्याला गंमत वाटते, नाइलाजाने घेणाऱ्याला पावसाचं पाणी उशाला येतं. म्हणून मागायचं असेल तर लहान आणि हलत्या घरांसाठी वेगळे, सोपे नियम मागावेत. पळवाटेत तोवरच राहता येतं, जोवर शेजारी तक्रार करत नाही.

तोपर्यंत ज्याला डब्यात राहायचंय त्याने खुशाल राहावं, पण भिंतीचा रंग ठरवण्याआधी जमिनीचा झोन पाहावा आणि करारात लिहून घ्यावं की डबा कोणाचा, नोटीस किती दिवसांची आणि क्रेनचे पैसे कोण देणार. वीस फुटी रिकामा कंटेनरच दोन टनांच्या वर भरतो. येताना तो मालकाच्या संमतीने अलगद उतरतो; जाताना मालकाने फाटकाला कुलूप घातलं, तर हलतं घर म्हणून घेतलेली ती वस्तू मालकाच्या मर्जीशिवाय जागची हलत नाही.