उणे पंधरा टक्के साका

रत्नागिरी जिल्ह्याला गणिताचं वावडं नाही. टिळक इथे जन्मले आणि पुण्यात जाऊन पोरांना गणित शिकवू लागले. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजात सीनियर रँग्लर झाले. माझी अशी ठाम समजूत आहे की जिल्ह्याच्या वाट्याचं सगळं गणित या दोघांनी उचललं आणि मागून येणाऱ्यांसाठी आंबा, काजू आणि सुपारी तेवढी ठेवली. मी मागून आलेल्यांपैकी. बी.कॉम.ला माझी सांख्यिकी सुटली, ती त्या दिवशी परीक्षकाच्या घरी पुरणपोळी असावी म्हणून.

असा मी पंचेचाळिशीत, एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात बसून, आयआयटीच्या प्राध्यापकांकडून सांख्यिकी शिकायला निघालो. कारण फारसं उदात्त नव्हतं. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीने ‘स्वयम’वर एक कोर्स केला आणि मॅनेजरनी सगळ्यांदेखत तिचं कौतुक केलं. कौतुक करताना त्यांनी एकदा माझ्याकडेही पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मी घरी जाईपर्यंत लावत होतो.

‘स्वयम’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ, ९ जुलै २०१७ला सुरू झालेलं. त्यातले आयआयटीवाले कोर्स ‘एनपीटेल’चे, ते काम तर २००३पासून चालू आहे. अख्खी पदवी घ्यावी लागत नाही, हवा तो एक विषय उचलायचा. कॉलेजातल्या पोरांना त्याचे श्रेयांक मिळतात. २०२१च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत विषय असे बाहेरून करता येतात. आमच्यासारख्यांना श्रेय नाही, प्रमाणपत्र मिळतं. आणि नोंदणी फुकट. हा शब्द रत्नागिरीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर नाचवू नये. मी एका बैठकीत सांख्यिकी, मानसशास्त्र, मृदाविज्ञान आणि जर्मन भाषा अशी सगळ्याला नावं घालून मोकळा झालो.

जर्मन दुसऱ्याच आठवड्यात सुटलं. बाकीच्यांचं काय झालं ते समजायला आमचं पंचांग माहीत पाहिजे. या कोर्सेसची सत्रं दोन, जुलैपासूनचं आणि जानेवारीपासूनचं. ती ठरवणाऱ्याने कोकणात एक वर्ष काढलेलं नसावं. जुलैत इथे पाऊस असा लागतो की प्राध्यापकांनी ‘समजा’ म्हणावं आणि वीज जावी. वीज येते तेव्हा नेट गेलेलं असतं, नेट येतं तेव्हा आपण झोपलेलो असतो. मग गणपती. गणपतीत पुस्तक उघडणाऱ्या माणसाकडे मुंबईहून आलेले पाहुणे, याला बरं नाही की काय, अशा नजरेने बघतात. जानेवारीत मोहोर, तुडतुडे आणि फवारण्या. एप्रिलअखेर परीक्षा, म्हणजे आंबा ऐन भरात. नोकरी पतसंस्थेत असली तरी कलमं आहेत, आणि कलमं आहेत तिथे काका आहेत.

जुलैचं सत्र पावसाबरोबर वाहून गेलं. जानेवारीत मी फक्त सांख्यिकी घेतली आणि मुद्दाम परीक्षेचे हजार रुपये भरून टाकले. शिकणं फुकट असलं तरी परीक्षेला पैसे पडतात, आणि खरी शिस्त तिथूनच येते. ज्ञान बुडालं तर मला झोप लागते. हजार रुपये बुडणार म्हटल्यावर लागत नाही.

बारा आठवड्यांचा कोर्स. दर आठवड्याला स्वाध्याय, मुदत बुधवारी रात्री ११:५९. त्यातले उत्तम आठ धरून पंचवीस गुण, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे पंचाहत्तर. मी व्हिडिओ दीडपट वेगाने लावायचो, म्हणजे वेळ वाचेल. मग काही कळायचं नाही म्हणून मागे जाऊन साध्या वेगाने बघायचो, आणि तरीही कळायचं नाही म्हणून पाऊणपट वेगाने. पाऊणपट वेगात ते भारदस्त प्राध्यापक नुकतेच ऑपरेशनमधून शुद्धीवर आल्यासारखे बोलत. एका बुधवारी दार उघडं राहिलं, तेव्हा पलीकडच्या काकूंनी आमच्या हिला हळूच विचारलं, “आत कोणी आजारी आहे का गं?”

तरी मार्च उलटेपर्यंत नमुना, सरासरी, विश्वासांतर हे शब्द मी जेवताना वापरायला लागलो. नुसतं वापरून थांबलो असतो तर ठीक होतं. मला प्रयोगाची हुक्की आली.

हापूसला साका नावाची एक खोड आहे. बाहेरून फळ देखणं, केशरी, देठाशी वास घमघमतोय. आणि कापलं की आत बाठ्याजवळ पांढुरका, आंबट, स्पंजासारखा गर. कापल्याशिवाय कळत नाही आणि कापल्यावर कळून उपयोग नाही. म्हणजे नमुना चाचणीचं इतकं चोख उदाहरण आयआयटीलाही सुचलं नसतं. पडवीत काकांनी आढीतून काढून पाच डझनांची पेटी भरून ठेवली होती, पुण्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी. मी डोळे मिटून पाच आंबे उचलले. यादृच्छिक निवड अशीच करायची असते. विळीवर एकेक कापला. चार उत्तम. पाचव्यात साका.

पाचात एक, म्हणजे शेकडा वीस. पण नुसती सरासरी सांगून मोकळा होतो तो अडाणी. विश्वासांतर काढलं पाहिजे. वर्तमानपत्राच्या कडेला सूत्र मांडलं, वर्गमूळ मोबाइलवर काढलं आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. तेवढ्यात काका आले. त्यांनी आधी पेटीकडे पाहिलं, मग विळीकडे, मग माझ्याकडे.

“काका, या पेटीत साका किती निघेल हे मी पंचाण्णव टक्के खात्रीने सांगू शकतो.”

“सांग.”

“उणे पंधरा टक्क्यांपासून पंचावन्न टक्क्यांपर्यंत.”

काका पायरीवर बसले. त्यांनी कापलेल्यांतली एक चांगली फोड उचलून खाल्ली, कोय चोखली, हात धुतले. मग म्हणाले, “उणे पंधरा. म्हणजे आपणच झाडाला नऊ आंबे देणं लागतो, असं?”

नमुना इतका लहान असला की हे सूत्र लावायचं नसतं, असं प्राध्यापक म्हणाले होते. पण ते पाऊणपट वेगात म्हणाले होते आणि तेवढ्यात मला डुलकी लागली होती. पेटीत पाच आंबे परत भरले गेले, ते माझ्या वाट्याचे.

परीक्षेचं केंद्र कोल्हापूरचं मिळालं. एस.टी.ने आंबा घाट चढताना मी वितरणांची नावं पाठ करत होतो. शेजारचे गृहस्थ मी कसला जप करतोय म्हणून अदबीने सरकून बसले. केंद्रावर सगळी विशीतली पोरं. एकाने मला वाकून विचारलं, “सर, आमची बॅच कुठल्या लॅबमध्ये आहे?” मी दोन्ही हातांनी दिशा दाखवली आणि त्याच्यामागून जाऊन त्याच्याच शेजारी बसलो. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मिसळ आधी खावी की नंतर, या प्रश्नावर मात्र माझी तयारी पक्की होती. मी आधी खाल्ली. पेपरभर पाणी पीत होतो.

उत्तीर्ण व्हायला स्वाध्यायांत पंचवीसपैकी दहा आणि परीक्षेत पंचाहत्तरपैकी तीस लागतात. मला एकोणीस आणि एकतीस पडले. एकूण पन्नास. घरी सांगितलं तेव्हा काकांनी चष्म्यावरून बघून एवढंच विचारलं, “नक्की पन्नास, की अंदाजे?”

प्रमाणपत्र डाउनलोड करून मारुती मंदिराजवळ रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली. खरोखर खूश झाले. सगळ्यांना हाक मारून म्हणाले, “बघा, या वयात कॉम्प्युटरचा कोर्स केला यांनी!” मी सांख्यिकी म्हणायला तोंड उघडलं, तोवर ते पुढे म्हणाले, “मग आपल्या त्या प्रिंटरचं बघता का जरा? महिनाभर कागद अडकतोय.”

प्रिंटर आता माझ्याकडे आहे. कागद अजून अडकतो, पण शेकडा वीसच्या आसपास. उणे अजून एकदाही अडकलेला नाही.