लीजशास्त्री

न्यू जर्सीतल्या प्रत्येक मराठी कंपूत एक लीजशास्त्री असतो. सत्यनारायणाला बोलवा, हातावर तीर्थ पडण्याआधी तो यजमानांच्या ड्राइव्हवेवर एक फेरी मारून येतो. नवी प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही उभी दिसली की रंग, सीटा, सनरूफ यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आत येऊन एकच प्रश्न: "मनी फॅक्टर काय दिला?"

२०२४ मधला असाच एक यजमान कौतुकाने म्हणाला, "महिन्याला ५७० पडतात, टॅक्ससकट."

"अरे, हप्ता काय सांगतोस? हप्ता सांगून तर डीलर लोकांना गंडवतो. कागद आण."

कागद आला. प्रसादाच्या शिऱ्याखालचा पेपर नॅपकिन ओढून शास्त्रीबुवांनी आकडेमोड मांडली. छापील किंमत ५०,०००. डीलरने सोडले ३,०००, लीजवरची सूट ७,५००. राहिले ३९,५००. तीन वर्षांनंतर गाडीची किंमत किती धरायची ते बँकेने आधीच ठरवलेलं, ५५ टक्के, म्हणजे २७,५००. हे रेसिड्युअल. मधले १२,००० म्हणजे गाडीची झीज; भागिले ३६, महिना ३३३. आता व्याज. ३९,५०० आणि २७,५०० यांची बेरीज करायची आणि तिला मनी फॅक्टरने गुणायचं.

"बेरीज कशाला? वजाबाकी नको?" यजमानांच्या सासऱ्यांनी विचारलं. ते निवृत्त बँक मॅनेजर, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले. असा श्रोता शास्त्र्यांना वर्षातून एखादाच लाभतो. "काका, सरासरी थकबाकी काढतोय. बेरजेला दोनाने भागायचं ते, आणि वर्षाचे बारा महिने, दोन्ही त्या फॅक्टरातच आहेत. म्हणून त्याला २४०० ने गुणलं की सरळ व्याजदर मिळतो. ०.००२५ म्हणजे ६ टक्के. यांना ०.००३० लावलाय, म्हणजे ७.२."

बँकेच्या मूळ दरावर थोडं चढवायची डीलरला मुभा असते आणि कागदावर मनी फॅक्टर ठळक लिहायची त्याला कधीच घाई नसते. मूळ ६ टक्क्यांनी हिशेब केला तर हप्ता ५०१, त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के टॅक्स, झाले ५३४. तीन वर्षांत जवळजवळ तेराशे डॉलर जास्त. यजमानांचा चेहरा पडला. वहिनी म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, यांना बरोबर न्या." शास्त्र्यांनी समाधानाने शिरा संपवला.

लीजशास्त्री डीलरकडे जातो तो महिनाअखेरीला, विक्रीचं टार्गेट डोक्यावर असताना. सेल्समन "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून आत गेला की हा घड्याळ लावतो. डाउन पेमेंटचं नाव काढलं तर उठून उभा राहतो. "तीन हजार आधी भरायचे आणि महिन्याने गाडी ठोकली गेली, तर? विम्याचे पैसे बँकेला. तुझे तीन हजार गेले!" हे मात्र शंभर टक्के खरं आहे. त्याच्या बहुतेक गोष्टी खऱ्या असतात, हीच त्याच्याबद्दलची तक्रार आहे.

त्याचा सुवर्णकाळ म्हणजे २०२३ ते २०२५. ऑगस्ट २०२२ मध्ये बायडन यांनी सही केलेल्या कायद्यात प्लग-इन गाड्यांवर ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत होती, पण गाडी विकत घेणाऱ्याला अटी होत्या: जुळणी उत्तर अमेरिकेत झालेली हवी, नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं. दोघंही आयटीत असलेलं आपलं जोडपं तिथेच गळायचं. जपानमधून येणारी माझदा सीएक्स-९० किंवा मित्सुबिशी आउटलँडरही गळायची. पण लीजवरची गाडी कायद्याने बँकेची, म्हणजे व्यापारी वाहन. तिला यातली एकही अट नव्हती. बँकेने ७,५०० घ्यावेत आणि मनात आलं तर ग्राहकाला द्यावेत. द्यायची सक्ती नव्हती, त्यामुळे कुठली बँक पूर्ण देते आणि कुठली गिळते हे शास्त्र्यांना तोंडपाठ होतं. शिवाय प्लग-इन हायब्रिडला खर्चाच्या १५ टक्केच सवलत, कमाल ७,५००. तेव्हा पूर्ण सूट मिळावी म्हणून गाडी पन्नास हजारांची घ्यावी, असा सल्ला तो चाळीस हजारांची गाडी बघायला आलेल्या माणसाला अत्यंत गंभीरपणे द्यायचा. आणि माणसं ऐकायची.

मग ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांची सही झाली आणि ३० सप्टेंबरनंतरच्या गाड्यांची सवलत बंद झाली. दसरा होता २ ऑक्टोबरला. गाडीसाठी दसऱ्याचा मुहूर्त धरून बसलेल्या मंडळींना शास्त्र्यांनी रात्री-अपरात्री फोन केले. "अष्टमीला सही करा, हार दसऱ्याला घाला. साडेतीन मुहूर्त आयआरएसला माहीत नाहीत!" त्यानंतर काही आठवडे तो कुठल्याही ड्राइव्हवेवर फिरकला नाही.

त्याची स्वतःची गाडी? सीएक्स-९० प्लग-इन, अर्थातच लीजवर. ती बॅटरीवर २६ मैल जाते. घरापासून प्रिन्स्टन जंक्शन स्टेशन चार मैल. रात्री साध्या प्लगला लावून ठेवली तर रोजच्या जाण्यायेण्याला पेट्रोलचा थेंबही लागू नये. पण गॅरेजमधल्या प्लगपुढे मंडळाच्या गणपतीचं मखर, त्यापुढे चारशे पत्रावळ्या. चार्जिंगची केबल अजून प्लास्टिकच्या पिशवीत, तशीच करकरीत. गाडी पेट्रोलवर चालते. वहिनींनी एकदा विचारलंही, "अहो, मग साधीच का नाही घेतली?" तो म्हणाला, "साधीवर साडेसात हजार कुठे होते?"

तेव्हा लीजवर गाडी घ्यायची असेल तर याला डीलरकडे जरूर बरोबर न्या, हजार-बाराशे डॉलर सहज वाचतील. गाडी चालवायला कशी आहे ते मात्र दुसऱ्या कुणाला तरी विचारा.